नाव नको, फक्त सही

पाहुण्याला जेवणानंतर झोपू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. यापलीकडे माझा काही वाईट हेतू नव्हता.

पाहुणा म्हणजे आमच्या हिचा मावसभाऊ धर्मराज. मुंबईला फोर्टात त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. वर्षातून एकदा, रविवार गाठून, तो एस.टी.ने पनवेलला येतो, आमच्याकडचं खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण ओरपतो आणि माझ्या आरामखुर्चीत आडवा होऊन घोरतो. घोरणं साधंसुधं नसतं. (मागच्या खेपेला पलीकडच्या आळीतली एक बाई दळण घेऊन आली होती. तिला वाटलं, इथे नवीन गिरणी निघाली.) आणि रविवारी दुपारी त्याच खुर्चीत मला झोपायचं असतं. मामलेदार कचेरीत सहा दिवस राबलेल्या कारकुनाला सातव्या दिवशी आडवं होण्याचा हक्क आहे. (कचेरीत आम्ही झोपत नाही असं नाही, पण तिथे बसून झोपावं लागतं.)

म्हणून सत्तावन्न सालच्या त्या रविवारी मी कपाटात हात घातला, हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि त्याला म्हटलं, "धर्मराज, तू झोपाळ्यावर बसून हे चाळ. वारा चांगला येतो तिथे."

त्याने पुस्तक घेतलं आणि त्याचा वास घेतला. (पुस्तकवाले पुस्तक वाचत नाहीत, हुंगतात.) मग झोपाळा पायाने थांबवून तो ताठ बसला.

"भावोजी, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"लग्नातला आहेर. तुमच्याच मामांनी दिलेला."

"'खाजणातली वाट'! तुळशीराम देवघरे! पहिली आवृत्ती, सन एकतीस! अहो, तीनशे प्रती काढल्या होत्या याच्या. छापखान्याचं छप्पर गळलं आणि अडीचशे भिजून लगदा झाल्या. उरलेल्या पन्नास मामांसारख्यांनी स्वस्तात उचलल्या आणि लग्नांत वाटून टाकल्या."

आमच्या लग्नाकडे मामा या नजरेने बघत होते हे मला एकवीस वर्षांनी कळलं. पण मी तो विषय वाढवला नाही, कारण धर्मराजचे डोळे चमकत होते.

"वेष्टन शाबूत. डाग नाही. आणि पानंसुद्धा फाडलेली नाहीत!"

त्या काळी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने सुरीने एकेक फाडून घ्यायची. आमच्या पुस्तकाला एकवीस वर्षांत सुरी लागलेली नव्हती.

"म्हणजे याला काही किंमत येईल?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असंच विकलं तर वीसेक रुपये. लेखकाची सही असेल तर दीडशे."

माझा पगार तेव्हा एकशे दहा होता. मी आरामखुर्चीत बसलो. झोप मात्र उडाली होती.

"पण एक लक्षात ठेवा," धर्मराज म्हणाला. "नाव घालू देऊ नका. 'चिरंजीव अमुक यास सप्रेम भेट' असं लिहिलं की किंमत गेली. नाव असलंच तर मोठ्या माणसाचं हवं."

"माझं चालेल?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे बघितलं. त्याला पुस्तकाची कीव आलेली स्पष्ट दिसली. "फक्त सही, भावोजी."

"आणि हे देवघरे भेटणार कुठे?"

"कमाल करता! महिना झाला, तुमच्या पनवेलातच आहेत. दम्याने बेजार झालेत, इथल्या कुणा वैद्याचं औषध घ्यायला विश्राळे तळ्याजवळ खोली घेऊन राहिलेत. पंचाहत्तरीला आलेत. जरा लवकर उरका."

संध्याकाळी मी त्याला एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी सुटता सुटता त्याने खिडकीतून डोकं काढलं. "आणि सही मिळाली तरी विकायची घाई करू नका. थांबा."

"कशासाठी?"

"ते गेले की भाव चढतो! तिप्पट!"

गाडी गेली. मी धुरळ्यात उभा राहून दीडशेला तिनाने गुणत होतो. (हिला सहीचं सांगितलं. गुणाकाराचं नाही सांगितलं.)

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन मी पुस्तक काखेत मारलं, तर दमयंती म्हणजे आमची ही म्हणाली, "आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका." आणि तिने डबा भरून दिला. मऊ भात आणि रविवारचं उरलेलं कालवण.

देवघरे भीमाबाईकडे राहत होते. भीमाबाई म्हणजे कुणी मिठागराची बाई म्हणे, कुणी कोंबड्यांची बाई म्हणे, ती आगरीण; तिने ओटीवरची खोली भाड्याने दिली होती. आत खाटेवर एक शाल पडलेली दिसली. मी खाकरलो. शाल उठून बसली, तेव्हा तिच्यात माणूस आहे हे कळलं.

मी नमस्कार केला, पुस्तक पुढे केलं. ते बघून म्हातारबुवांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्यांनी उशाखालचं पेन काढलं.

"नाव काय घालू?"

"नाव नको. फक्त सही."

पेन थांबलं. "नाव नको म्हणणारा माणूस एकतर लाजाळू असतो, नाहीतर दुकानदार."

"मी लाजाळू आहे!" मी इतक्या मोठ्यांदा सांगितलं की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

ते सही करायला वाकले. मग त्यांचं नाक हललं. "त्या डब्यात काय आहे हो?"

डबा उघडला. त्यांनी पेन खाली ठेवलं, ते ठेवलंच. महिनाभर वैद्याच्या काढ्यावर आणि मुगाच्या पाण्यावर असलेला तो माणूस, डबा रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग बोटं चाटून म्हणाला, "आज हात थरथरतोय. सही वाकडी येईल. गुरुवारी या. आणि येताना..." पुढे त्यांना खोकला आला. पण बोट डब्याकडे होतं.

गुरुवारी सोड्याची खिचडी नेली. त्या दिवशी पेनात शाई नव्हती. रविवारी खाडीतल्या निवट्यांचं कालवण नेलं, तर हात कालवणाचे झाले होते, पुस्तकाला डाग पडला असता. मंगळवारी शाई होती, हात कोरडे होते, पण अमावस्या होती.

"अमावस्येला मी सही करत नाही," देवघरे गंभीरपणे म्हणाले. "उद्या कोळंबी मिळते का बघा."

घरी मात्र आनंद होता. डबा धुतल्यासारखा परत यायचा आणि ही तो उलटा करून मला दाखवायची. "बघा! एकवीस वर्षं तुम्ही जेवताय, पण कधी एवढं मन लावून जेवलात का?" पुढे पुढे ती स्वतःच माझ्याबरोबर येऊ लागली. चार दिवसांत देवघऱ्यांचे 'नाना' झाले. नाना तिला प्रकाशकांच्या नकला करून दाखवत. ती हसायची, ते जेवायचे आणि मी काखेत पुस्तक धरून उभा असायचो.

आणि नाना सुधारत होते! खोकला कमी झाला. गालांवर मांस आलं. एका संध्याकाळी तर ते तळ्याला अर्धी फेरी मारताना दिसले.

"मातारा बरा हाय आता," भीमाबाई मला कौतुकाने म्हणाली. "काल माज्या कोंबड्याच्या मागं धावला, सायेब. तुमच्या बायेच्या हाताला गुन हाय."

मी तोंडभर हसलो. आतून मात्र माझी अवस्था विचित्र होती. सही होईपर्यंत त्यांनी जगायला हवं, आणि सही झाल्यावर... पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नसे. बरं, माणूस गोड. त्यांच्या गप्पा ऐकायला मलाही आवडायला लागल्या होत्या. पण घरातला जिताड्याच्या डोक्याकडचा तुकडा एकवीस वर्षं माझा होता, तो आता डब्यात जात होता. शेवटी मी धर्मराजला कार्ड टाकलं. 'सही अद्याप नाही. प्रकृती झपाट्याने सुधारत आहे. काय करावे?'

पाकीट वापरायला हवं होतं. दोन पैसे वाचवले आणि तिथेच घात झाला.

आमच्या आळीचा पोस्टमन काशिराम पाकीट असलं तर मुकाट्याने देतो. कार्ड असलं तर आधी स्वतः वाचतो, मग दारात उभं राहून आपल्याला वाचून दाखवतो. त्याच्या मते टपाल पोचवणं म्हणजे मजकूर पोचवणं. ज्या सकाळी धर्मराजचं उत्तर आलं त्या सकाळी मी मागल्या दारी दाढी करत होतो. एक गाल झाला होता.

"वैनी, तुमच्या भावाचं कार्ड हाय," काशिरामचा आवाज आला. "घाबरू नका, वाईट काय नाय. मातारा अजून जिता हाय का, येवढंच इचारलंय."

माझा वस्तरा थांबला.

"पुढं लिवलंय, 'सही आधी घ्या. प्रकृती सुधारली तरी चिंता नसावी. वय पाहता फार दिवस लागणार नाहीत. गेले की तिप्पट.'" काशिराम जरा थांबला. "कोन जायाचं हाय वो, वैनी?"

मी तोंडाला साबण घेऊन ओटीवर धावलो. तोवर काशिराम पुढच्या घरी पोचला होता. (आणि त्याच्याबरोबर मजकूरही.) ही कार्ड हातात धरून उभी होती.

"तिप्पट काय होणार आहे?"

"भाव."

"कसला?"

"पुस्तकाचा."

"कोण गेल्यावर?"

मी साबण पुसायला लागलो.

"म्हणजे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सकाळपासून चुलीपुढे बसते, आणि तुम्ही..."

"अगं, डबे तर मीच पोचवत होतो ना!"

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"नानांकडे. हे कार्ड त्यांना तुमच्या हाताने द्या."

"अर्धी दाढी राहिली आहे."

"राहू द्या."

ती पुढे, मी मागे, असे आम्ही पनवेलच्या बाजारपेठेतून गेलो. ज्या लोकांना माझा डावा गाल दिसला त्यांनी नमस्कार केला. ज्यांना उजवा दिसला त्यांनी, घरात काही वाईट झालं का, म्हणून विचारलं.

नानांनी कार्ड दोनदा वाचलं. मी खाटेपुढे उभा होतो. चाळिशी उलटली होती, तरी छडीची भीती वाटत होती.

"मी लाजाळू नाही," मी म्हणालो.

"ते पहिल्या दिवशीच कळलं होतं." नानांनी चष्मा वर केला. "तिप्पट म्हणजे किती?"

"साडेचारशे."

"साडेचारशे?" ते उठून बसले. "प्रकाशकाने मला या पुस्तकाचे साठ दिले होते. तेसुद्धा दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता अजून यायचाय!" त्यांना राग आलेला नव्हता. उलट बरंच वाटलेलं दिसत होतं. "बघू तरी, साडेचारशेचा माल कसा दिसतो."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि मध्येच उघडायला गेले. ते उघडेना. त्यांनी दुसरीकडे अंगठा घातला, तिथेही पानं जोडलेली. मग त्यांनी पुस्तक कडेने धरून डोळ्यांजवळ नेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा पहिल्या दिवसासारखा शालीत गेला.

"मी मरायची वाट बघत होतात, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "ती माझे पुतणेही बघतात. पण वाचलं नाहीत?"

कचेरीत साहेब ओरडतात तेव्हा उत्तर सुचतं. इथे कुणी ओरडलं नव्हतं.

"मी वाचणार होते, नाना," दमयंती म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी. पण हे म्हणाले, पानं फाडू नकोस, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून पुढे देता येईल."

नानांनी बाहेर बघून हाक मारली. "भीमाबाई, सुरी आहे का घरात?"

"सुरी नाय. कोयती हाय, मासलीची."

"चालेल. यांच्या हातात द्या."

मासळी कापायच्या कोयतीने मी माझ्या हाताने ते पुस्तक फाडलं! दोनशे चाळीस पानं. प्रत्येक पानाला टरकन आवाज यायचा आणि माझ्या डोळ्यांपुढून एकेक रुपया उडून जायचा. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या. ही शेजारी बसून लक्ष ठेवत होती. "जरा हळू," नाना मधेच म्हणाले, "या पानावर नायिका आहे."

त्यानंतर रोज दुपारी भीमाबाईच्या ओटीवर वाचन सुरू झालं. दमयंती वाचायची, नाना आणि भीमाबाई ऐकायचे. गोष्ट अशी होती, की मिठागरावरचा एक माणूस, नाव त्याचं जगन, खाडीपलीकडे असलेल्या रुसलेल्या भावाला भेटायला खाजणाच्या दलदलीतून चालत निघतो आणि अर्ध्या वाटेवर भरती येते. मी कचेरी सुटल्यावर पोचायचो, तोवर निम्मं प्रकरण होऊन गेलेलं असायचं.

"जगन बांधावर चढला का?" मी विचारायचो.

"श्श!" तिघंही म्हणायची.

शेवटी एका बुधवारी मी पोट दुखतं म्हणून अर्धी रजा टाकली. जगन आणि त्याचा भाऊ बांधावर समोरासमोर आले तेव्हा भीमाबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि मी कोंबड्यांकडे बघत बसलो. असं पुस्तक मी एकवीस वर्षं डांबरगोळ्यांशेजारी ठेवलं होतं.

नाना मात्र ऐकता ऐकता मधेच पुस्तक मागून घ्यायचे आणि समासात काहीतरी खरडायचे. 'हे वाक्य मी लिहिले? लाज वाटते.' 'इथली पाच पाने गाळावीत.' 'भाऊ असा बोलणार नाही. भीमाबाईही तेच म्हणते.' पुस्तक शेवटाला येईपर्यंत पानोपान त्यांच्या अक्षराने भरलं, आणि कोपऱ्यांवर हिच्या हळदीच्या अंगठ्यांचे ठसे उमटले. वेष्टन तर एका कोंबडीने नेलं.

वाचन संपलं त्या दिवशी नानांनी आपण होऊन पेन मागितलं. हात थरथरत नव्हता, शाई होती, अमावस्याही नव्हती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'सौ. दमयंती टिपणीस यांस. यांनी हे पुस्तक वाचले आणि मला जेवू घातले. दोन्ही कामे यापूर्वी कुणी इतक्या मनापासून केली नव्हती. तुळशीराम देवघरे, पनवेल.' खाली तारीख.

दमयंतीने ते वाचून पुस्तक माझ्याकडे दिलं. "शाई ओली आहे. टिपून घ्या."

आता इथे मला समजून घ्या. बावीस वर्षं कचेरीत मी एकच काम करत आलो आहे. सही झालेला कागद समोर आला, की सहीखाली शेरा मारून पुढे सरकवायचा. मी टीपकागद लावला. पेन तिथेच पडलेलं होतं. पुढचं माझ्या हाताने केलं, मी नाही. सहीच्या बरोबर खाली, ठसठशीत अक्षरांत, मी आद्याक्षरांसकट लिहिलं: 'तपासले. दि. टि.'

भीमाबाईला वाचता येत नाही, पण काहीतरी भयंकर झालंय हे तिलाही कळलं. "काय केलंत वो, सायेब?" ती हळूच म्हणाली.

नानांनी पुस्तक घेतलं. तो शेरा बराच वेळ न्याहाळला. मग माझ्या हातातलं पेन काढून घेऊन त्याखाली एक ओळ लिहिली आणि पुस्तक दमयंतीकडे दिलं. तिने ती वाचली आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खांबाला धरून खाली बसावं लागलं.

महिनाभरात नाना ठणठणीत होऊन गावी गेले. (वैद्याने दवाखान्यात पाटी लावली: 'सुप्रसिद्ध लेखकांचा दमा आमच्या काढ्याने बरा.') आणि दिवाळीनंतर एका रविवारी, वर्ष व्हायची वाट न बघता, धर्मराज आला.

मी पुस्तक देण्याआधी त्याला पाणी दिलं.

"वेष्टन?"

"कोंबडीने नेलं."

"पानं फाडलीत? कशाने?"

"कोयतीने."

त्याने डोळे मिटले. मग पहिलं प्रकरण उघडलं. एक पान, दुसरं पान, विसावं पान. तो समास वाचत होता. जेवणाचं ताट वाढून झालं तरी उठेना.

"ताई," अखेर तो म्हणाला, "लेखकाने आपल्याच पहिल्या आवृत्तीवर पानोपानी स्वतःच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या! अशी चीज मी दुकानात कधी पाहिली नाही. पाचशे देतो. आत्ता."

मी तोंड उघडलं.

"विकायचं नाही," दमयंती म्हणाली.

मी तोंड मिटलं.

"आणि त्यात माझं नाव घातलंय रे धर्मा. नावाने किंमत जाते ना?"

"बघू," म्हणून त्याने पहिलं पान काढलं. अर्पण वाचलं. माझा शेरा वाचला. त्याखालची नानांची ओळ वाचली. मग तो उठून उभा राहिला.

"आठशे!"

"अरे, पण माझ्या शेऱ्याने पान खराब..."

"भावोजी, सह्या पुष्कळ मिळतात. पण लेखकाने एखाद्या माणसाला असं लेखी झटकून टाकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. वरचे तीनशे नुसते या ओळीचे."

ती ओळ अशी आहे: 'वरची सही माझी. खालच्या गृहस्थांशी माझा काहीही संबंध नाही.'

पुस्तक आमच्याकडेच आहे. आळीतल्या बायका ते बघायला येतात. ही त्यांना ते पान उघडून ती ओळ ठसक्यात वाचून दाखवते, आणि मग आरामखुर्चीकडे बोट करून म्हणते, "हेच ते, खालचे गृहस्थ."